टिनाच्या गोदामातले पोपट

(बार्शीटाकळी. मे महिन्यातली दुपार. फोन स्पीकरवर.)

अनुप : …मी ठीक आहो, माय. सीमेवर तोफेचे गोळे पडाले लागले, म्हणून अख्खं कस्टम ऑफिस उचलून इकडं आत आणलं. मंगल कार्यालयात. साहेब नवरदेवाच्या खुर्चीवर बसून राहिले.

चतुराबाई : बरं झालं. तू लग्नाचं नाव काढत नव्हता, सरकारनंच मांडवात बसवलं तुले.

अनुप : प्रिया हाय का तिथं?

प्रियदर्शनी : ऐकतेय, दादा.

अनुप : तू प्राणिशास्त्र शिकली ना. पोपट पिंजऱ्यात कोंडले तं किती दिवस जगतात?

प्रियदर्शनी : कुठले पोपट?

अनुप : एका ट्रकात लपवून नेत होते, आमी पकडले. जंगल खात्याचे लोक न्याले येणार होते, तेवढ्यात निघायचा हुकूम आला. जप्त केलेलं सगळं आमच्या लेखी मालच. नियमानं गोदामाले दोन कुलपं लावली, सील मारलं. अर्ध्या रस्त्यात माह्यासंगच्या ललितनं विचारलं, पोपट कोणी काढले?

चतुराबाई : मंग?

अनुप : एक किल्ली माह्याजवळ, एक त्याच्याजवळ. दोघं गेलो तरच उघडते. तो जीप घेऊन उभा हाय.

चतुराबाई : पोपटांसाठी त्या गोळ्यांत परत चालला तू? डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?

अनुप : कुलूप म्याच लावलं, माय. जिवंत असतील तं जातो, नसतील तं नाही. प्रिया, तू सांग.

चतुराबाई : पोरी, फोनवर हात ठेव. सांग त्याले, आठ दिवस जगतात म्हणून. घाई नाही.

प्रियदर्शनी : तसं सांगितलं तर उद्या जाईल, आई.

चतुराबाई : मंग मेले म्हण.

अनुप : प्रिया?

प्रियदर्शनी : आहे. गोदामाला छत कशाचं?

अनुप : टिनाचं.

प्रियदर्शनी : खिडकी?

अनुप : नाही.

प्रियदर्शनी : बंद कधी केलं?

अनुप : काल सकाळी.

प्रियदर्शनी : मग जाऊ नकोस. आत भट्टी झाली असेल. ते आता नाहीत.

अनुप : पक्कं?

प्रियदर्शनी : पक्कं.

अनुप : बरं. ललितले सांगतो, गाडी बंद कर म्हणून. तू मन राखाले बोलत नाही, म्हणून तुलेच विचारलं. ठेवतो.

चतुराबाई : खरंच मेले असतील का व?

प्रियदर्शनी : पाणी किती ठेवलं होतं, त्यावर आहे.

चतुराबाई : किती ठेवलं होतं?

प्रियदर्शनी : ते मी विचारलंच नाही.