टाळी आणि दिवा

स्वप्ना : माइकचे दोन्ही पाय सारखे दिसतात, पण सारखे नसतात. हा बघ, यातला एक बाहेरच्या पत्र्याला चिकटलाय. तो ग्राउंडला जायला हवा. तू उलटा जोडलास.

विपुल : म्हणून आठवडाभर चिप ढिम्म! बारावीला फिजिक्स शिकवणारी बायको घरात, आणि मी किटच्या कागदावर डोकं आपटतोय. दे, बदलतो.

स्वप्ना : तापलेलं सोल्डरिंग आयर्न ऋतिकापासून लांब ठेव.

विपुल : ती बसलीये तिकडे ठोकळे घेऊन. झालं. आता टाळी वाजवली की दिवा लागणार.

(टाळी वाजते.)

विपुल : लागला! आणि वळली बघ! स्वप्ना, वळली ती! आई उगाच नाही म्हणत, उशिरा बोलेल म्हणून. मीही चौथ्या वर्षीच बोलायला लागलो.

स्वप्ना : दिव्यावर रुमाल टाक.

विपुल : कशाला?

स्वप्ना : तिला तो दिसायला नको. हं, आता वाजव.

विपुल : वाजवली की. खेळात आहे ती.

स्वप्ना : परत. जोरात.

विपुल : हात लाल झाले माझे. ऋतू! ए ऋतुडी!

स्वप्ना : पुरे. रुमाल काढ. आता टाळी नको, मी माइकवर नुसतं बोट घासते, आवाज न होता दिवा लागेल.

विपुल : वळली. हसली पण.

स्वप्ना : दिव्याकडे बघून.

विपुल : एवढ्यावरून काय ठरवायचं?

स्वप्ना : एवढ्यावरून? भुईगावला माझ्या मैत्रिणीच्या, फ्लॉसीच्या लग्नाचा बँड खिडकीखालून गेला, ही झोपलेलीच. तू म्हणालास, दमलीये. दिवाळीत शेजारी फटाक्यांची माळ लागली, तू म्हणालास, धीट आहे. कानाच्या तपासणीची चिठ्ठी गेल्या वर्षीपासून कपाटात पडलीये. आई म्हणाल्या, पोरीच्या कानाला मशीन लागलं की जन्माचा शिक्का. झालं, विषय बंद.

विपुल : तूही गप्प बसलीस.

स्वप्ना : हो. मलाही ती धीटच हवी होती.

विपुल : तपासून येईल ऐकू?

स्वप्ना : माहीत नाही. आतली नसच गेली असेल, तर मशीनचाही फारसा उपयोग नाही, म्हणाले डॉक्टर.

विपुल : बघ, स्वतःच टाळ्या वाजवायला लागली. टाळी वाजवली की दिवा लागतो, एवढंच कळलंय तिला.

स्वप्ना : सेल काढून ठेवू?

विपुल : नको, खेळू दे. सोमवारी रजा टाकतो, नेऊ तिला तपासणीला. आणि आईला मीच सांगतो, ऋतिकाला ऐकू येत नाही.