सोमवारच्या आधीची तारीख

"आज पुन्हा तारीख मागितलीत ना वकीलसाहेब, तर इथंच तमाशा करीन!" कोर्टाबाहेरच्या बाकावर कंपनीनं कामावरून काढलेला फिटर तडकला.

कंपनीच्या वकिलानं चष्मा पुसला. "ओरडू नका. बीपी वाढतं तुमचं."

"नऊ वर्षं झाली, कामावर परत घ्या म्हणतोय. सोमवारी माझं निवृत्तीचं वय होतंय. मग निकाल काय चाटायचाय?"

"ठाऊक आहे."

"म्हणूनच तारखा घेताय!"

"तेच काम आहे माझं. तीस वर्षांत एकही केस लढून जिंकलो नाही हो. समोरचा म्हातारा होईपर्यंत थांबलो, बस्स."

"मग आज नका मागू. एकदाच."

वकिलानं फाइल उघडली. पुढच्या तारखेचा अर्ज सकाळीच सही करून ठेवला होता.

"आपली केस पुकारली वाटतं." वकील तोच अर्ज हातात घेऊन उठला. "चला, आत जायला हवं."