पिशव्यांपाशी

मनोऱ्यावर जायची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पुढे वडील, लेक आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. मागच्या बाईंना त्यांचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"बाबा, पाण्याची बाटली द्या ना."

"पिशवीत आहे."

"आणि पिशवी?"

"ती काय, बाकावर. सगळ्या तिथेच ठेवल्या."

"कुणाजवळ?"

वडिलांनी वळून बाकाकडे पाहिलं.

"ताई, अगं तू तरी बघायचंस!"

"माझीही तिथेच ठेवली रे मी. आई गेली, पण आपली खोड काही गेली नाही."

"कुठल्याही गावाला जा, आपण वर आणि ती खाली पिशव्या राखत. गुडघ्यांनी छळलं बिचारीला."

"गुडघे आत्ता आत्ता दुखायला लागले होते. त्याआधीही तीच बसायची."

रांग थोडी पुढे सरकली.

"बाबा, कुठे निघालात? आलाच की आपला नंबर!"

"तुम्ही या जाऊन. मी बसतो पिशव्यांपाशी."

"अहो, घेऊन येतो ना मी त्या. त्यात काय एवढं!"

"नको. वर काय काय दिसलं, ते दर वेळी तिला येऊन रंगवून सांगायचो. खाली बसून ती काय बघायची, ते कधी विचारलंच नाही."

ते बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी पिशव्या मांडीवर ओढून घेतल्या. दाराशी पोचलेल्या लेकीने मान न वळवताच विचारलं,

"बाबा, काय दिसतंय तिथून?"

"तुमच्या पाठी."