सिंकमधला भात

कमिटीवाल्यांनो, सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवलंत आणि दारोदार कचरा न्यायला येणारी बाई, जागृती, तुम्हीच बंद केलीत. टेमघरच्या रिपेरिंगच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे तुमच्या बिल्डिंगमधल्या पुतळाबाई होत्या; मेकॅनिक त्यांना विचारत होता.

“मावशी, परत भात घालून जाम केलंत? बोललो ना, बर्फ टाका, लिंबाची सालं टाका, पाणी सोडून फिरवा.”

“कमिटी बोलली, रोज चालव, न्हायतर गंजल. एकटीचं उरतंय किती?”

“म्हणून जादा शिजवता?”

“दोघींचा लावते. जागृती जेवून जायची.”

“आता कोण येतं?”

“मशीन अडकलं की तू येतोस.”

“म्हणजे मुद्दाम घालता काय भात?”

“तू पाना घेऊन चल आधी. आणि कमिटीला इचार, दोन दिस माझं दार उघडलं न्हाय, तर आता कळंल कोणाला?”