एकट्या डोंगराची मिरची

—अहो, पाणी नका पिऊ! पाण्यानं आणखी भडकते ती. ही टॉर्टिया चावा. मिरीएवढी मिरची आणि एर्मोसिय्यो शहरातला एवढा मोठा माणूस रडतोय, बघा! नव्या गिऱ्हाइकाला पहिली चिल्तेपिन फुकट—तुमची आग, माझी करमणूक, फिटंफाट. पाखरांना काही होत नाही हं. तो नकल्या पक्षी, साऱ्या रानाचे आवाज काढणारा—तो दिवसभर हीच खातो, झाडाच्या सावलीत बसून शिटतो, तिथंच नवं झुडूप येतं. लावून येत नाही का म्हणता? मी लावलीय ना—परसात, डब्यात, लाड करून, शिव्या देऊन—छे! तो डोंगर दिसतो? चहूकडं वाळवंट, मधे तो एकटा. दुसरीकडचं पाखरू एवढा रखरखाट ओलांडून कशाला येतंय? तिथलीच पाखरं, तिथलीच मिरची. गावातल्या बायांना मी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पाठवायचे—"तिकडं लालेलाल झालंय गं!"—आणि सगळ्या संध्याकाळी काटे उपटत परत! पाद्रीबाबांनासुद्धा पाठवलं. हसू नका, ते अजून बोलत नाहीत माझ्याशी. खरी घळ दोघांनाच ठाऊक, मला आणि एवारिस्तोला. नवरा हो माझा. लाल झालेली तेवढीच खुडायची, चिमटीनं, शेंड्यावरची पाखरांना. चुकून डोळ्याला हात लागला की बोंब—पण फांदी मोडायची नाही.

कुठाय म्हणजे? आत झोपलाय. घोरणं ऐकू येत नाही? ...बरं, नाही झोपला. बहिणीकडं गेलाय. गेलाय म्हणजे—

ती पिशवी कसली? बघू. नाक्यावर घेतली? स्वस्त दिली? देणारच! हे बघा—हिरवी, लाल, देठं, पानं, सगळा पाला. ही खुडलेली नाही, भाऊ. कोयत्यानं फांद्या तोडून ताडपत्रीवर झोडपलीय. मी वर घळीत गेले तर नुसते खुंट. नकल्या एका खुंटावर बसलेला, चोच मिटून. कुणा व्यापाऱ्याची माणसं ट्रक घेऊन आली होती. वाट मी दाखवली नव्हती, आणि नकल्याला वाट सांगता येत नाही.

विकणारा म्हातारा होता ना, पाय ओढत चालणारा? ...थांबा. एवारिस्तोनंच पाठवलंय तुम्हाला? मग मघापासून गिऱ्हाईक होऊन मिरची काय खाताय!

काय म्हणाला? बोटं आखडली, आता खुडवत नाही? मग मला सांगायचं होतं! त्याच्या वाटची मी खुडली असती. इतकी वर्षं एका ताटात जेवतो आम्ही—जेवायचो—आणि बोटं दुखतात हे व्यापाऱ्याला आधी कळतं? झुडपं पुन्हा फुटतील म्हणाला? फुटतील कदाचित. तोवर पाखरं काय खातील, त्याची टोपी? पाखरं गेली तर बी कोण टाकणार, मी जाऊन बसू झाडावर?

...खोकला आहे का त्याला अजून?

नको. सांगू नका. त्याला म्हणावं, घळीत नकल्या पुन्हा ओरडायला लागला की ये, त्याआधी दारात पाऊल—

नाही, काहीच सांगू नका. उठा तुम्ही. गाडी सावलीत लावलीय माझ्या, काढा ती. जा म्हटलं ना!