अण्णांना चढलेला कोका

लई दिवस पोटात ठेवलंय, आज सांगतोच. पेरू देशातनं आलो तेव्हा ढोकीच्या थोरल्या चुलत्यांना, अण्णांना, एक पुडी दिली. म्हणलं, "कोकाची पानं हायत. चहा करून प्या, भान हरपतं म्हणतात."

अण्णांनी सवयीनं चुना लावून मळली अन् दाढंत धरली. दहा मिनिटांत डोळे वटारून वरडले, "आरं, बांधच दिसंना! समदं रान एकच दिसतंय!" त्याच बांधावरनं माझ्या वडलांशी बारा वर्षं अबोला. तसंच पळत जाऊन त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मी कबूल केलं, "अण्णा, कोका विमानतळावरच काढून घेतला. तुम्हाला दिला तो साधा ग्रीन टी."

अण्णा निवांत थुंकले. "तोंडात टाकल्याबरुबर कळलं मला. तुझ्या बापाला बोलू नगंस."