एकच कॅसेट

साल चौऱ्याण्णव. सिल्वासाच्या बस स्टँडवर खानवेलच्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढे गलोंड्याच्या कारखान्यातला एक कामगार आणि त्याची शेजारीण उभी होती.

“झिपरू, काल केबलवर तुमचे साहेब दिसले रे!”

“दिसणारच, मावशी. व्हिडिओवाल्याने एक कॅमेरा घेतला, दुकानाचं चॅनल केलं. जाहिरात साहेबांचीच.”

“पण गेटवर त्यांनी सगळ्यांना परमनंट करायचं वचन दिलं, त्याचं शूटिंग झालं होतं ना?”

“झालं होतं. आता साहेब म्हणतात, मी असं बोललोच नाही. म्हणून चॅनलवाल्याकडे कॅसेट मागायला गेलो.”

“दिली?”

“तो म्हणे, कॅसेट एकच आहे. सोमवारी बातम्या, गुरुवारी भजन, मध्ये कुणाचं लग्न. तुमच्या वचनावर साहेबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस भरला.”

“सगळं पुसलं?”

“नाही ना! वाढदिवस लवकर आटोपला. शेवटचं अर्धं मिनिट आपलंच राहिलं.”

“मग वचन असेल त्यात!”

“वचन आधीच पुसलं. त्याच्या नंतरचं राहिलं.”

“म्हणजे दिसतं काय?”

“बाईसाहेब केक कापतात, साहेबांना भरवतात. आणि लगेच गेटवर उभे आम्ही दोनशे जण टाळ्या वाजवतो.”

“अगं बाई! रोज दाखवतात?”

“रोज, सात वाजता. साहेबांनी आता ती कॅसेट पुसू नको म्हणून सांगितलंय.”

“आणि तू रे?”

“मी पहिल्याच रांगेत, मावशी. सगळ्यात जोरात.”